हो म्हणणाऱ्यांचा बाजार

“ही मूळव्याध नाही,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

मोठ्या आतड्यात कॅमेरा घालून तपासतात, त्याला कोलोनोस्कोपी म्हणतात. तिचं चित्र समोर होतं. गुलाबी, ओलसर भिंत आणि तिच्या एका अंगाला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं काहीतरी उगवलेलं. “याचा तुकडा काढून बायोप्सीला पाठवलाय, म्हणजे तपासायला. रिपोर्ट येईल. पण मला जे दिसतंय ते मी लपवत नाही. कॅन्सर असावा.”

माझा नवरा दिलीप खुर्चीतून अर्धवट उठला आणि परत बसला. मला मात्र रडू आलं नाही. भीतीसुद्धा नंतर आली. आधी आली ती किळस. हे माझ्या पोटात वाढत होतं आणि मी रोज कोमट पाण्यातून इसबगोल घेत होते.

शौचाला रक्त दिसायला लागलं गणपतीत. आमच्या भागातल्या डॉक्टरांनी न तपासता मूळव्याधीचं मलम लिहून दिलं. थकवा आला तर म्हणाले, वय झालं, पाळी जायच्या वेळी होतं असं. मी ते मान्य केलं. होळी उलटली, वजन उतरलं, तेव्हा दिलीपनेच जबरदस्तीने दुसरीकडे नेलं. हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, रक्त दिसलं तर मलम घेऊन घरी येऊ नका. तपासा म्हणा. लाज वाटली तरी म्हणा.

माझं भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कात छोटं ब्युटी पार्लर आहे. तळमजल्यावरचा एक गाळा, दोन खुर्च्या, एक आरसा. मूळचे आम्ही गुहागरकडचे, दिलीप भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. पार्लर माझ्या भुवयांवर चालायचं, म्हणजे मी करत असलेल्या थ्रेडिंगवर. गुजराती, मारवाडी, उत्तरेकडच्या, आपल्या, सगळ्या बायका म्हणायच्या, भाभी, आपके हाथ से दर्द ही नहीं होता. दोऱ्याचं एक टोक दातात, बोटांत बाकीचा पीळ. सगळी कला बोटांच्या टोकांत असते.

ऑपरेशन मुंबईतल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात झालं. आतड्याचा तेवढा भाग काढून दोन्ही टोकं जोडली. रिपोर्ट आला, स्टेज थ्री. म्हणजे गाठ आतड्याबाहेर जवळच्या लिम्फ नोड्सपर्यंत, शरीरातल्या गाळण्यांसारख्या बारीक गाठींपर्यंत पोचली होती, पण लिव्हर-फुप्फुसात गेली नव्हती. “पूर्ण बरं व्हायची चांगली शक्यता आहे. पण केमो घ्यावी लागेल,” आमच्या कॅन्सरच्या डॉक्टर म्हणाल्या. त्यांचं नाव डॉ. नाडकर्णी. चाळिशीच्या असतील. कमी बोलायच्या.

केमोच्या हॉलमध्ये शेजारच्या खुर्चीत हिरामावशी भेटली. भाईंदरच्या कोळीवाड्यातली, मासळी विकणारी. तिचाही आजार तोच, औषधंही तीच. पहिल्याच दिवशी तिने माझ्या डब्यातलं थालीपीठ मागून खाल्लं आणि मला बाय म्हणायला लागली.

आमच्या औषधांत ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं एक असतं. ते चढलं की थंड काहीही सहन होत नाही. फ्रिजचं हँडल धरलं तर बोटांत करंट लागल्यासारखं होतं. गार पाणी प्यायलं तर घसा आवळतो. नर्सने हे समजावलं तेव्हा हिरामावशी हसली.

“मंग मी काय करू? माजा सगला धंदा बर्फात हाय.”

पुढे पुढे गारठ्याशिवायही बोटं बधिर राहायला लागली. याला पेरिफेरल न्यूरोपॅथी म्हणतात. हातापायांच्या टोकाच्या नसांना औषधाने इजा होते, मग मुंग्या येतात, नाहीतर काहीच कळत नाही. माझ्या हातातला दोरा कधी सुटला ते मला दोरा खाली पडल्यावर कळायचं. माझ्या कुर्त्याची बटणं दिलीप लावून द्यायचा. एका गिऱ्हाइकाची भुवई मी मध्येच तोडली. ती नंतर कधी आली नाही.

पार्लर मी पूर्ण बंद केलं नव्हतं. मदतनीस मुलगी काम करायची, मी बसून असायचे. आणि बसलेल्या बाईला सल्ला द्यायला सगळ्यांना वेळ असतो. “भाभी, केमो से तो आदमी मरता है, कैंसर से नहीं.” गव्हांकुराचा रस. गोमूत्र. पपईची पानं. अल्कलाइन पाणी. एकीने हनुमानफळाच्या पानांची पिशवी आणून टेबलावर ठेवली आणि मला आयुष्य दान केल्यासारखी उभी राहिली. एक म्हणाली, तुम्ही मनात राग दाबून ठेवता ना, त्यानेच गाठ होते. केस धरून तिला बाहेर काढावंसं वाटलं. हात धड असता तर काढलंही असतं.

यातल्या कुणाला विचारलं, की याने कोण बरं झालं, तर उत्तर ठरलेलं. माझ्या नणंदेच्या शेजारणीचे मामा. ते मामा कुठे राहतात, कसला कॅन्सर होता, आता कसे आहेत, कुणालाच माहीत नाही.

पण मला खरंच काहीतरी हवं होतं. कॅन्सरसाठी नाही, बोटांसाठी. डॉ. नाडकर्णींना मी विचारलं, या बधिरपणावर औषध काय?

“खात्रीचं काही नाही. डोस कमी करू शकते. तो मी करणारच आहे.”

“ॲक्युपंक्चर करून बघू का? सुया टोचतात ते?”

मला वाटलं, झिडकारतील. वॉर्डातल्या एका मोठ्या सरांनी मला आधीच उडवून लावलं होतं. हे सगळं प्लासिबो आहे, म्हणजे नुसत्या विश्वासाने बरं वाटणं, असं म्हणून ते पुढच्या बेडकडे वळले होते. माझा हात हातात घेऊनही पाहिला नव्हता. डॉ. नाडकर्णींनी माझी बोटं धरून पाहिली.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “कॅन्सर त्याने जाणार नाही, हे नक्की. पण नसांच्या या त्रासाला उपयोग होतो का, यावर पुरेसा अभ्यासच झालेला नाही. थोडे लहान अभ्यास आहेत, त्यांच्यावर मी तुम्हाला शब्द देऊ शकत नाही. आम्ही इथे एक अभ्यास सुरू करतोय. यायचं का?”

मी हो म्हटलं. हिरामावशीही तयार झाली. नियम असा की निम्म्यांना सुया द्यायच्या, निम्म्यांना फक्त नेहमीचे उपचार, आणि कोण कुठे ते कॉम्प्युटर ठरवणार. तसं केल्याशिवाय सुयांचा परिणाम आहे की आपोआप बरं वाटतंय, ते कळत नाही. दुसऱ्या गटालाही शेवटी सुया मिळणार होत्या.

माझा नंबर सुयांत लागला. हिरामावशीचा नाही.

“आमचा नशीबच तसा,” ती म्हणाली. “पन शेवटी देनार हायत ना?”

“देणार आहेत, मावशी.”

आठवड्यातून दोनदा मी जायचे. ॲक्युपंक्चर शिकलेल्या एक डॉक्टर होत्या. प्रत्येक वेळी नवीन पाकिटातल्या सुया, आणि त्याआधी रक्त तपासून पेशी पुरेशा आहेत ना ते बघायचं, कारण केमोत इन्फेक्शन पटकन होतं. सुयांनी दुखत नव्हतं. घरी आल्यावर मी डोळे मिटून तांदूळ आणि तूरडाळ बोटांनी वेगळी ओळखायचा प्रयत्न करायचे. हळूहळू थोडं जमायला लागलं. सुयांमुळे की डोस कमी केल्यामुळे, सांगता येत नाही. तेच तर शोधायचं होतं.

आणि एक दिवस मी गेले तर खोलीला कुलूप. डॉ. नाडकर्णींनी बोलावून सांगितलं, “अभ्यास थांबवतोय. निधी संपला. पुढचा अर्ज नाकारला गेला.”

“मग आतापर्यंत जे झालं त्याचं काय?”

“इतक्या कमी पेशंटवरून काहीच सिद्ध होत नाही.”

“आणि शेवटी ज्यांना सुया मिळणार होत्या, ते?”

त्यांनी मान हलवली. मी विचारलं, पैसे का देत नाही कोणी? तेव्हा त्यांना चिडून बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. “सुईचं पेटंट निघत नाही. औषध कंपनीला यात विकायला काही नाही. बाकीच्यांना वाटतं, हे विज्ञानच नाही, कशाला तपासायचं. आणि जे अशा उपचारांचे भक्त असतात, त्यांना तपासलेलं नकोच असतं. त्यांना उत्तर आधीच माहीत असतं.”

त्याच महिन्यात हॉस्पिटलच्या आवारात देणगीतून हीलिंग गार्डन झालं. कारंजं, बांबू, संगमरवरी दगडावर देणगीदारांच्या कुटुंबाची सगळी नावं. उद्घाटनाला आम्हा पेशंटना रांगेत बसवून हातात गुलाब दिले. फोटो काढले. कारंज्याला पैसा होता. कारंज्याचा पेशंटला काही उपयोग होतो का, हे विचारायला नव्हता. माझ्या मांडीवरचा तो गुलाब मला इतका ओंगळ वाटला, की मी तो खुर्चीखाली टाकला.

त्यानंतरच्या केमोला हिरामावशीची खुर्ची रिकामी होती. त्याच्या पुढच्यालाही. फोन केला तर तिच्या भाच्याने, प्रशांतने उचलला. मावशीला मूलबाळ नाही, तोच सगळं बघायचा.

“आत्याला एकदम बरं वाटतंय,” तो म्हणाला. “केमो बंद केली. काशीमिऱ्याला एका केंद्रात नेलंय. जेवायला लागलीय बघा.”

ते केंद्र मला माहीत होतं. हॉस्पिटलला जाता-येता हायवेवर त्यांचं होर्डिंग दिसायचं. हिरव्या पानाचं चित्र आणि खाली हिंदीत, बिना केमो, बिना ऑपरेशन. एवढं मोठं होर्डिंग लावायला त्यांना कुठे अर्ज करावा लागला नसेल.

रविवारी दिलीपला घेऊन मी गेले. आत स्वच्छ होतं, तेच मला आवडलं नाही. अगरबत्ती, बासरीचं संगीत, भिंतीवर अंगठा वर केलेल्या पेशंटचे फोटो. हिरामावशी गादीवर मांडी घालून बसली होती, हातात हिरव्या रसाचा पेला. चेहऱ्यावर खरंच तेज होतं. केमो थांबली की चार दिवसांत कुणालाही बरं वाटतं. मळमळ जाते, तोंडाला चव येते. हे मला माहीत होतं, तिला नव्हतं.

“मावशी, केमो अर्धी सोडून कसं चालेल? डॉक्टरांना सांगितलंस का?”

“काय सांगू? त्या बोलल्या सुया देनार, न्हाय दिल्या. हात माजे तसेच. हितं माज्यासंगं बसून बोलतात, बाय. नाव घेऊन बोलतात.”

पांढरा कुर्ता घातलेले तिथले मुख्य आले. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत होते. मी विचारलं, तुम्ही काय औषध देता?

“बहनजी, ये प्रकृति का विज्ञान है। केमो तो ज़हर है, ज़हर।”

“अब तक कितने लोग ठीक हुए? और कितनों का कैंसर वापस आया?”

त्यांनी भिंतीकडे हात केला. “देख लीजिए।”

“जिनका फोटो नहीं है, उनका क्या हुआ?”

ते हसले. हसताना मावशीच्या डोक्यावर हात ठेवला. “शक करने से ही बीमारी बढ़ती है। है ना, माताजी?”

मावशीने मान डोलावली. मला शिसारी आली. त्याच्या हाताची आणि त्या हाताखाली शांत बसलेल्या तिच्या डोक्याचीसुद्धा. बाहेर येऊन मी पायरीवर ओकले. दिलीप पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला.

डॉ. नाडकर्णींनी स्वतः तिला फोन केला. एकदा नाही, बऱ्याचदा. प्रशांत म्हणायचा, आत्या झोपलीय.

मग एका दुपारी पार्लरमध्ये नेहमीच्या एका गिऱ्हाइकाने मोबाइल माझ्यापुढे धरला. “भाभी, ये देखो, आपके लिए ही भेजा है किसी ने।” व्हिडिओत हिरामावशी होती. नवीन लुगडं, केसात अबोली. ती म्हणत होती, मी आता बरी हाय, केमोची गरज न्हाय. खाली केंद्राचा नंबर.

त्या वेळी हिरामावशी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत होती. आदल्याच दिवशी प्रशांतने मला रडत फोन केला होता. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. केंद्रातल्या पुड्यांनी लिव्हरला सूज आली होती. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ किती आहे ते दाखवणारा रक्तातला घटक, इतका वाढला होता की केमो पुन्हा सुरू करणं शक्यच नव्हतं. पुड्यांत काय होतं, तर केंद्रवाल्यांनी सांगायला नकार दिला, आमचा गुप्त फॉर्म्युला आहे म्हणून.

“ये औरत मरने को पड़ी है,” मी त्या बाईला म्हटलं. तिला पटेना. “लेकिन वीडियो में तो…” मी तिला इमर्जन्सीतला प्रशांतने पाठवलेला फोटो दाखवला. ती खुर्चीतून उठली, अर्धीच भुवई झालेली असताना. “मैंने तो बस फॉरवर्ड किया था, भाभी.” हे सगळेच म्हणतात. कुणीच काही केलेलं नसतं.

प्रशांत केंद्रात जाऊन व्हिडिओ काढून टाका म्हणून भांडला. ते म्हणाले, तब तो ठीक थीं ना, झूठ क्या है इसमें? पोलिसांत तक्रार दिली. तिचं अजून काही झालेलं नाही.

कावीळ उतरली. मग सीटी स्कॅन केला, म्हणजे शरीराचे आडवे काप दाखवणारी तपासणी. लिव्हरमध्ये डाग होते. कॅन्सर तिथे पोचला होता. केमो पूर्ण घेतली असती तर पोचला नसता का? डॉ. नाडकर्णींना मी विचारलं. “सांगता येत नाही. शक्यता कमी झाली असती,” एवढंच म्हणाल्या. बोलताना त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिल्या.

मी हिरामावशीला एकदा विचारलंच, का गेलीस तिथे. तिने रागावून पाहिलं नाही.

“डाक्टरीन बोलली, माहीत न्हाय. तो बोलला, हो, बरी व्हशील. तू माज्या जागी काय केलं असतंस, बाय?”

माझा नंबर सुयांत लागला होता.

माझी केमो संपून आता वर्ष होत आलं. रिपोर्ट स्वच्छ आहेत. बोटं पूर्ण परतलेली नाहीत, पण भुवया मी पुन्हा करते, सावकाश. देवाचे, दिलीपचे, सर्जनचे उपकार आहेतच. पण मी सगळ्यात जास्त ऋणी आहे ती माहीत नाही म्हणणाऱ्या त्या डॉक्टरची. माझ्याशी खोटं न बोलणारं त्या वर्षात दुसरं फारसं कोणी भेटलं नाही. त्यांनी पुन्हा अर्ज केलाय. पेशंटच्या बाजूने कोणीतरी लागतं, म्हणून त्यावर माझी सही आहे. मिळेल असं मला वाटत नाही. तरी केली.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी योग करावा, मालिश घ्यावी, ध्यान करावं, सुयाही घ्याव्यात, बरं वाटत असेल तर जरूर. मात्र डॉक्टरला सांगून आणि केमो न सोडता. कोणी केमो सोडायला सांगितली की तिथून उठावं. पुडीत काय आहे ते जो सांगत नाही, त्याची पुडी गटारात टाकावी. आणि ज्यांच्याकडे देणगी द्यायला पैसे आहेत, त्यांनी कारंजी बांधू नयेत.

शेवटचे काही महिने हिरामावशी घरीच होती. दुखू नये एवढेच उपचार चालू होते. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. हॉस्पिटलच्या फिजिओथेरपिस्टने मला पायांना हलक्या हाताने तेल लावायचं शिकवलं होतं. सोमवारी पार्लर बंद असतं, तेव्हा मी खोबरेल घेऊन कोळीवाड्यात जायचे. तिचे तळवे बधिर, माझी बोटं अर्धी बधिर. दोघींना कळेल एवढ्या जोराने चोळायचं म्हणजे बराच वेळ लागायचा.

एकदा तिने डोळे न उघडता विचारलं, “यानं कॅन्सरला काय व्हतं, बाय?”

“काही नाही, मावशी.”

“नक्की?”

“नक्की. काही होत नाही.”

तिने दुसरा पाय पुढे केला.

“मंग कर. बरा वाटतो.”